शनिवारवाड्याची सहल कात्रजपासून सुरू व्हावी

शनिवारवाड्याला भेट द्यायची म्हणजे दिल्ली दरवाजातून आत शिरायचे, हिरवळीवर फोटो काढायचे, नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट ऐकायची आणि तासाभरात बाहेर पडायचे. आत पाहण्यासारखे काही उरले नाही, ही तक्रार मग ठरलेलीच. १८२८ च्या आगीत वाड्याचे लाकडी मजले जळाले, हे खरे आहे. पण दगडी जोती आणि कारंज्यांच्या जागा आजही आहेत. त्या कशा वाचायच्या हे पाहुण्याला कोणी सांगत नाही. इथल्या बागेचा अर्थ पाण्यात आहे, आणि ते पाणी कात्रजहून येत होते. म्हणून वाडा दाखवायचा तर पाण्याच्या वाटेने दाखवला पाहिजे.

सवाई माधवरावांच्या बालपणी उभारलेले हजारी कारंजे नीट पाहा. सोळा पाकळ्यांच्या दगडी कमळातून पाणी उसळायचे, आणि तेही विजेच्या पंपाशिवाय. मुठा नदी वाड्याच्या अगदी जवळून वाहते, पण तिचे पात्र खाली; तिथून एवढे पाणी रोज वर चढवणे सोपे नव्हते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला आंबिल ओढ्याचे पाणी अडवले गेले आणि दगडचुन्याच्या बंदिस्त नळातून ते उतारावरून शहरात आणले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, म्हणजे हवा खेळती राहावी, नळ साफ करायला माणसाला आत उतरता यावे. याच पाण्यावर पेठांमधले हौद भरत. वाड्यातली शोभेची कारंजी आणि पेठेतल्या बाईच्या कमरेवरची घागर एकाच व्यवस्थेवर अवलंबून होती, आणि मला पेशवाईतल्या पुण्याची ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तिच्यापुढे वाड्यात रात्री ऐकू येणाऱ्या नारायणरावांच्या किंकाळ्यांच्या कहाण्या फारच किरकोळ आहेत.

यावर आक्षेप येतो तो असा की लोक सुट्टीत चार घटका मोकळे बसायला येतात, त्यांना जलव्यवस्थेचा धडा कशाला? दाटीवाटीच्या पेठांत अशी मोकळी जागा हवीच, हे मलाही मान्य आहे. हिरवळ काढा असे मी म्हणत नाही. पण कारंज्यापाशी साधा आराखडा लावला, पाणी कुठून कुठे जात होते हे रेषेने दाखवले, तर बसणाऱ्याचे काही बिघडत नाही, आणि शाळेची मुले मात्र खरे काही शिकून जातील. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कात्रजचा नळ आज सलग उरलेला नाही, कुठे इमारतींच्या पायांनी तो तुटला, कुठे त्यात सांडपाणी शिरले. पण म्हणूनच घाई केली पाहिजे. लोकांना जे माहीतच नाही, ते खोदकामात फुटले तर हळहळणार कोण? ज्या वाटेवरून माणसे चालतात, तिच्याकडे महापालिकेचेही लक्ष राहते.

सकाळी कात्रजचा तलाव, वाटेत उरलेले उच्छ्वास, दुपारी पेठेतला एखादा हौद आणि संध्याकाळी वाड्यातले कारंजे, अशी एका दिवसाची सहल सहज बसते. महापालिका, पुरातत्त्व खाते आणि शहरात इतिहासाच्या फेऱ्या काढणाऱ्या संस्थांनी ती मिळून आखावी. सुरुवातीला नकाशा आणि जाणकार वाटाड्या एवढे पुरे. नळाच्या उरलेल्या भागांची नोंद मात्र त्याआधी व्हायला हवी.