लक्ष लागत नाही, की लागू देत नाहीत?

दर रविवारी मी सांगलीला ताईला फोन करतो. उन्हाळ्यात इथे कॅलिफोर्नियात सकाळचे साडेसहा वाजलेले असतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात. गेल्या रविवारी पाऊसपाणी, गुडघेदुखी वगैरे झाल्यावर ती म्हणाली, "तुझ्या भाच्याला जरा समजाव रे. बारावीचं वर्ष, आणि पुस्तक उघडलं की दहा मिनिटं मन ठरत नाही. तू इंजिनियर, तुझं ऐकेल. एकाग्रतेवर दोन शब्द सांग."

आता परदेशातल्या मामाला दोन शब्द सांगायला कधी अडचण येते का? उंटावरून शेळ्या हाकणं हा आमचा जोडधंदाच आहे. पण या वेळी जीभ रेटली नाही. कारण सांगतो.

मला इथे येऊन बावीस वर्षं झाली. त्यातली चार वर्षं मी एका कंपनीत (नाव नको) अशा टीममध्ये काढली, जिचं काम एकच होतं: ॲप बंद केलेल्या माणसाला परत आणणं. निम्म्या लोकांना एक सूचना पाठवायची, उरलेल्या निम्म्यांना दुसरी. जिला जास्त माणसं फसतील ती ठेवायची. 'फसणं' हा शब्द अर्थातच मीटिंगमध्ये नसे, तिथे 'सहभाग वाढला' म्हणत. सहभाग वाढला की केक यायचा. मीही खाल्ला. तो आकडा म्हणजे कुणाची तरी मोडलेली झोप, कुणाचं तरी अर्धवट सुटलेलं गणित, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण घराचे हप्ते चालू होते. असो.

तेव्हा मी भाच्याला 'मन ताब्यात ठेव' म्हणून सांगणं म्हणजे चोराने घरमालकाला कुलपावर व्याख्यान देणं!

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला आपण पोरांचा चंचलपणा म्हणतो, तो बराचसा पगार घेऊन, मोजूनमापून तयार केलेला माल आहे. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच सांगून ठेवलं होतं की माहिती ज्याला खाते ती गोष्ट म्हणजे लक्ष. माहितीची रेलचेल झाली की लक्षाचा दुष्काळ पडणार. पण या दुष्काळात धंदा कसा करायचा हे पुढच्या लोकांनी शोधलं. दाणा दर वेळी न मिळता अधूनमधून अवचित मिळाला, तर कबूतर चोच मारायचं थांबत नाही, हे स्किनर यांनी गेल्या शतकातच दाखवलं होतं. बोटाने पान खाली ओढून 'काही नवीन आलं का' बघणं ही तीच चोच. २००६ साली एझा रास्किन यांनी कधीच न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली. पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पान मात्र अजून संपलेलं नाही.

परिणाम? इथल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी २००४ च्या सुमारास मोजलं, तेव्हा कामाच्या वेळी माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या मोजणीत ते ४७ सेकंदांवर आलं. यात बारावीची मुलं नाहीत, नोकरी करणारी प्रौढ माणसं आहेत. आणि २००९ साली सोफी लरॉय यांनी दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं, तरी मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. म्हणजे 'एकच मेसेज बघतो' हे कधीच एका मेसेजपुरतं नसतं.

यावर आपल्याकडचं उत्तर मला पाठ आहे. "नाचता येईना अंगण वाकडं! आम्ही नाही का चाळीत, शेजारी रेडिओ कोकलत असताना अभ्यास केला?" केला, मीही केला. पण शेजारचा रेडिओ माझ्यासाठी लावलेला नव्हता. मी कशाने उठतो, किती वाजता ढिला पडतो, याची नोंद तो ठेवत नव्हता. शिवाय त्या काळच्या विरंगुळ्याला शेवट होता. पेपरचं शेवटचं पान यायचं, मालिका अर्ध्या तासाने संपायची, रात्री दूरदर्शन स्वतःच झोपायचं. तो शेवट आम्ही इंजिनियरांनी काढून टाकला. आणि वर पोराला विचारतोय, तू थांबत का नाहीस?

दुसरा राग आहे तो एकाग्रता विकणाऱ्यांवर. इथे ध्यान शिकवणारी ॲप आहेत. माझ्या फोनवरचं एक रोज दुपारी टुणकन वाजून विचारायचं, 'आज ध्यान केलंत का?' काय बोलायचं! याउलट इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला गेलात की सुरुवातीलाच फोन जमा करावा लागतो. मनाचा अभ्यास ज्यांनी आयुष्यभर केला ते साधकाच्या इच्छाशक्तीवर विसंबत नाहीत. मग सतरा वर्षांच्या पोराने मात्र विसंबावं?

इच्छाशक्तीचे डोस पुरे झाले, आता व्यवस्था बदला. कॅलिफोर्नियाने, म्हणजे ही यंत्रं जिथे घडतात त्याच राज्याने, २०२४ साली कायदा केला: १ जुलै २०२६ पर्यंत शाळांनी फोनवर मर्यादा घालणारं धोरण ठरवायचंच. पण त्यासाठी कॅलिफोर्नियाकडे बघायची गरज नाही. ताईच्याच जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून त्या गावाने संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि फोन बंद ठेवायची रीत पाडली. फक्त पोरांचे नाही, सगळ्यांचेच. पोराने पुस्तक उघडावं आणि शेजारी बापाने रील बघत हसावं, ही एकाग्रतेची शिकवण नव्हे.

आणि क्लासवाल्यांनाही कुणीतरी विचारा की नोट्स रात्री दहाला व्हॉट्सॲपवरच का? फोन दूर ठेव म्हणायचं आणि अभ्यास फोनमध्येच कोंबायचा!

हे सगळं ताईला सांगितलं. ती ऐकून घेते, हा तिचा मोठेपणा. मग म्हणाली, "पण तो फोन तूच आणलास ना दोन वर्षांपूर्वी? दहावीचं बक्षीस म्हणून?"

खरं होतं. ज्या टीममध्ये होतो तिच्याच बोनसमधून घेतला होता.

शेवटी ठरलं. रोज सात ते साडेआठ घरातले चारही फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. ताई म्हणाली, "सातला तर तुझा फोन येतो."

"उचलू नकोस," म्हणालो.