हमी कोणाच्या नावावर?

भिवंडीत विजेचा विषय निघाला की बोलणे मीटरवर येऊन थांबते. मीटर पळतो, बिल फुगते, कंपनी हटवा. मुंब्र्यात हेच, मालेगावात हेच. मोर्चे या घोषणेवर निघाले, निवडणुकीच्या सभा या घोषणेवर गाजल्या. लोकांच्या रागात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण हा सगळा कारभार ज्या कागदावर उभा आहे, त्या कागदात आपल्या शहराला काय मिळाले, असे विचारणारे मोजकेच भेटतात.

तो कागद म्हणजे फ्रँचायझी करार. 2003 च्या वीज कायद्यानुसार वितरणाचा परवाना महावितरणकडेच राहतो आणि ठरावीक भागात आपल्या वतीने वीज पुरवण्याचे काम ती दुसऱ्याला देऊ शकते. त्या दुसऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. भिवंडीत टोरंट पॉवरने 26 जानेवारी 2007 रोजी काम हाती घेतले. दहा वर्षांनी करार आणखी दहा वर्षांसाठी झाला. ती मुदत जानेवारी 2027 मध्ये पुरी होते. शिळ-मुंब्रा-कळवा टोरंटकडे आणि मालेगाव सीईएससीच्या उपकंपनीकडे गेले ते 1 मार्च 2020 पासून, तब्बल 20 वर्षांसाठी. आज मालेगावात बारावीला असलेली मुलगी तिशी ओलांडेल तेव्हा हा करार संपेल.

यात पैसा कसा फिरतो? कंपनी निविदेत ठरलेल्या दराने महावितरणकडून वीज घेते आणि वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने आपल्याकडून वसूल करते. मधला फरक तिचा. गळती घटली, वसुली वाढली की हा फरक वाढतो. भिवंडीत पूर्वी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे हाती येत नव्हते. पुढे हे प्रमाण एक-पंचमांशाच्या खाली आले. नवी रोहित्रे बसली, भारनियमन कमी झाले. हे मान्य करायला हवे. बंद पडलेल्या लूमसमोर बसून दिवस काढलेल्या माणसाला त्याचे मोल कळते. मात्र 'वीजचोरांचे शहर' हा शिक्का जुनाट तारांचा आणि जळक्या रोहित्रांचा हिशेब न मांडताच आपल्या वस्त्यांवर मारला गेला, हेही विसरू नये.

आता हमीकडे येऊ. महावितरण कंपनीला वीज देते, तिचे पैसे बुडू नयेत म्हणून कंपनीकडून लेटर ऑफ क्रेडिट आणि बँक हमी घेतली जाते. रास्त आहे. ग्राहक आधी वीज वापरतो आणि नंतर बिल भरतो, म्हणून त्याच्याकडून सुरक्षा ठेव घेतली जाते. 2021 च्या वीज पुरवठा संहितेनुसार ही ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असते. चार लूमवाल्यालाही त्यातून सूट नाही. प्रत्येकाने आपली बाजू सुरक्षित केली आहे. राहिले ते शहर. ज्याचे रस्ते खोदले जातात, ज्याच्या फुटपाथावर खांब आणि पेट्या उभ्या राहतात, ती महापालिका या करारात पक्षकारच नाही.

सूरह बकरामधली 282 वी आयत ही कुरआनातली सर्वात दीर्घ आयत. ती नमाज-रोजाविषयी नाही, देण्याघेण्याविषयी आहे: व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा. पुढच्याच आयतीत, लिहिणारा मिळाला नाही तर तारण ताब्यात घेण्याची सोय सांगितली आहे. आपण या आयती दुकानाच्या उधारीपुरत्या ठेवल्या. शहराच्या व्यवहाराला त्या लावून पाहायला काय हरकत आहे?

मुंबईच्या जुन्या म्युनिसिपालिटीने हे शंभर वर्षांपूर्वी केले होते. 1905 मध्ये वीज आणि ट्रामचा हक्क कंपनीला देताना पुढे तो सगळा कारभार विकत घेण्याचा अधिकार तिने करारात स्वतःकडे ठेवला. तो वापरून 7 ऑगस्ट 1947 रोजी बेस्ट मुंबईकरांच्या मालकीची झाली. शेवट कसा होईल हे सुरुवातीलाच लिहून ठेवल्याचा तो फायदा. याउलट औरंगाबाद पाहा. 2011 मध्ये जीटीएलला 15 वर्षांसाठी शहर दिले गेले. थकबाकीवरून बिनसले आणि नोव्हेंबर 2014 मध्ये महावितरणने काम परत घेतले. भांडण दोन कंपन्यांचे होते, शहर बघत बसले. जळगाव आणि नागपूरमध्येही खासगी कंपन्या मुदतीआधीच गेल्या.

अमेरिकेत अनेक शहरे वीज, गॅस किंवा केबल कंपनीशी स्वतः करार करतात. रस्ता नागरिकांचा, म्हणून कंपनीने वापराचे शुल्क द्यायचे आणि खोदकाम व सेवेसाठी हमीपत्र शहराच्या नावे ठेवायचे. केबलच्या बाबतीत हे शुल्क उत्पन्नाच्या 5 टक्क्यांहून जास्त असू नये, अशी मर्यादा 1984 च्या कायद्याने घातली. मिनियापोलिसमध्ये (तिथे सोमाली मुस्लिमांची मोठी वस्ती आहे) 2013 मध्ये नागरिकांनी वीज शहरानेच चालवावी अशी मोहीम काढली. ते झाले नाही. पण 2014 मध्ये कराराची मुदत 20 वर्षांवरून 10 वर आली आणि पाच वर्षांनी बाहेर पडण्याची वाट शहराने मिळवली.

मग आपणही शुल्क मागावे का? माझे मत विचाराल तर शुल्काच्या मागे फार लागू नये. तिकडे ते बहुधा बिलातच जोडले जाते, म्हणजे शेवटी ग्राहकच भरतो. आपल्याकडे दर आयोग ठरवतो, त्यामुळे कंपनी निविदेतच तेवढे कमी देईल आणि तोटा महावितरणला होईल. शिवाय महापालिकेच्या तिजोरीत पडलेला पैसा गैबीनगरच्या किंवा कौशाच्या गल्लीपर्यंत पोहोचेलच, याची खात्री कोणी द्यावी?

हमीचे तसे नाही. वीज कायद्याच्या कलम 67 मध्ये रस्ता खोदणाऱ्याने कमीत कमी नुकसान करावे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, असे आहे. पण भरपाई मागावी लागते, सिद्ध करावी लागते, तिच्यासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. बँक हमी हातात असली की खड्डा न बुजवणाऱ्याचे पैसे कापून दुसऱ्याकडून तो बुजवता येतो. ती एका खोदकामापुरती नको, कराराच्या पूर्ण मुदतीची हवी. लोंबकळत्या तारा, उघड्या पेट्या आणि त्यातून होणारे अपघात तिच्या कक्षेत हवेत. आणि कंपनी मध्येच गेली तर ग्राहकांच्या नोंदी, ठेवी आणि दुरुस्तीचे काम किती दिवसांत कोणाच्या हवाली होईल, हे आधीच लिहिलेले हवे.

महापालिकेला कायद्याने या करारात जागा नाही, हे खरे. पण निविदेच्या अटी महावितरण ठरवते आणि महावितरण ही सरकारी कंपनी आहे. महासभेने ठराव करून या अटी मागितल्या तर त्या नाकारण्याचे कारण तिला द्यावे लागेल. 2022 मध्ये मुदत संपल्यावर भिवंडी आणि मालेगाव या दोन्ही महापालिका दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती होत्या. तेव्हा असा ठराव कोण आणणार होते? आता तो आपल्या वॉर्डच्या नगरसेवकाकडे मागायचा आहे. तोही जानेवारी 2027 च्या पुरेसा आधी, कारण निविदेचा मसुदा तयार झाल्यावर अटी घुसवणे जवळपास अशक्य असते.

तोवर कंपनी हटवा म्हणणाऱ्यांनी आणि तिची बाजू घेणाऱ्यांनीही मूळ करार वाचायला हवा. माहिती अधिकाराचा अर्ज महावितरणच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करता येतो. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द. तेवढ्यात हे बसते: कराराची प्रत, हमीची रक्कम, ती कोणाच्या नावे, कधीपर्यंत वैध, आणि आजवर तिच्यातून काही कापले गेले का.