घरघर कुणाची?

आमच्या अलोऱ्यात कुठल्याही पिकअपमधून कुठलाही आवाज येवो, त्याचं निदान ठरलेलं आहे: "क्लच गेला!" जुन्या वैद्यांना निदान नाडी तरी धरावी लागत असे. इथं गाडी गॅरेजच्या दारात थांबायच्या आत निकाल! मेस्त्री गाडीत बसत नाही, पेडलला पाय लावत नाही. तोंडातलं पान सावरतो आणि म्हणतो, "फुल सेट टाकू." बाजूला उभे असलेले चौघे माना डोलावतात. त्यांतला एक तर सायकलसुद्धा हातात धरून चालवतो.

माझा या 'फुल सेट'ला विरोध आहे आणि तो जाहीर आहे. तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला क्लचमधलं काय कळतं? सांगतो. बी.कॉम.ला तेरीज जुळली नाही की पहिली गोष्ट शिकवतात: फरकाला 9 ने भागून पाहा. पूर्ण भाग गेला, तर कुठंतरी आकडे उलटे पडल्याचा संभव. 54 चे 45 झाले असतील. मग ती नोंद शोधायची. तेरीज जुळेना म्हणून अख्खी खातेवही रद्दीत घाला, असं आमच्या सरांनी कधी सांगितलं नाही. क्लचचीही अशीच युक्ती आहे. तिला डावा पाय आणि दोन कान लागतात.

गाडी सपाटीला लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, इंजिन चालू. क्लचवर पाय नाही. घरघर येते? आता पेडल पूर्ण दाबा. थांबली? मग चोर बहुधा गिअरबॉक्समध्ये आहे. कारण पाय काढलेला असताना न्यूट्रलमध्येही इंजिन गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरवत असतं; पेडल दाबलं की तो थांबतो आणि त्याचं बेअरिंग गप्प बसतं. आधी गिअर ऑइल तरी पाहा! उलट, एरवी शांत आणि पेडल दाबताच किर्रर्र, तर संशय रिलीज बेअरिंगवर. इंजिन बंद असतानाही पेडल कुईं करत असेल, तर बहुतेक वेळा बोटभर ग्रीसचं काम. आणि खुद्द क्लच प्लेट झिजली की ती घरघरत बसत नाही. इंजिन ओरडतं, गाडी चढत नाही आणि जळका वास सुटतो.

आमच्या एका खातेदाराची पिकअप कर्जावर आहे. ऐन एप्रिलात आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जायची. पेडल दाबलं की थांबणारी घरघर सुरू झाली. टाकला फुल सेट! चार दिवस गाडी आडवी, भाडं दुसऱ्यानं नेलं. गाडी बाहेर आली ती तीच घरघर त्याच सुरात घेऊन. आजार गिअरबॉक्सच्या पोटात आणि औषध बाहेर चोळलेलं. मग गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरला, मजुरीही दुसऱ्यांदा. मला हे कळलं, कारण मे महिन्याचा हप्ता आला नाही. बँकेच्या संगणकाला आंब्याचा सीझन कळत नाही. 90 दिवस थकले की खातं एनपीए! ऐकलं नाही मेस्त्रीनं, नाव खराब व्हायची पाळी कर्जदाराची.

मेस्त्रीचीही बाजू आहे. गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर झिजत आलेली प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलावी, मजुरी वाचते. कबूल. पण उतरवण्याआधी ऐकायला काय पैसे पडतात?

आणि हे कुठं चाललंय, तर अलोऱ्यात! कोयना प्रकल्पाच्या वसाहतीचं हे गाव. याच प्रकल्पात 1999 साली आणि पुन्हा 2012 साली शिवसागर जलाशय रिकामा न करता खालून बोगदा नेऊन इंजिनिअरांनी तळाचा शेवटचा खडक उडवला. आधी मोजमाप, मग सुरुंग. आमचा मेस्त्री मोजमाप सुरुंगानंतर करतो.

पण सगळं पाप मेस्त्रीच्या माथी नको. आमचे ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून असे बसतात, जसा देवळातला ओटा. घाटात पुढची एसटी थांबली की हे ब्रेक लावत नाहीत, हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. प्लेट जळते, आणि सतत पाय ठेवल्यानं रिलीज बेअरिंग विनाकारण दबून फिरत राहतं. परवा एकाला मी म्हटलं, "अरे बाबा, गिअर बदलून झाला की पाय काढून बाजूला ठेव."

"काका, बाजूला जागा कुठाय?"

मी वाकून पाहिलं. पायाच्या जागेत त्यानं सासुरवाडीला न्यायचा फणस ठेवला होता.