‘उष्णतेची लाट’ आणि आमची झळ

चैत्र सरत आला की वृत्तपत्रांतून ‘उष्णतेची लाट’ उसळू लागते. इंग्रजी ‘हीट वेव्ह’चे हे शब्दशः भाषांतर. सातपुड्याच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी कुटुंबांना लाटेची ओळख कोठून असणार? आम्हांस झळ ठाऊक आहे, उकाडा ठाऊक आहे, अंगाची काहिली ठाऊक आहे. ‘ऊन लागले’ म्हणजे काय, हे सावरगावच्या संत्राबागेत राबणाऱ्या कोणत्याही मजुरास कळते. ‘उष्माघात’ मात्र समजावून सांगावा लागतो. ज्याच्या जिवासाठी सूचना काढावयाची, त्यालाच ती कळू नये, यास आम्ही भाषेची समृद्धी मानीत नाही.

मैदानी प्रदेशात पारा निदान ४० अंशांवर पोचला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढला, की हवामान खाते लाट मानते. मोजमापास पारिभाषिक संज्ञा हवीच. तिला आमची हरकत नाही. पण संज्ञा वेगळी आणि गावच्या फळ्यावरची सूचना वेगळी.

खरा दोष एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द चिकटविण्याच्या खोडीत आहे. चुलीत विस्तव असतो, होमात अग्नी, रानात वणवा. गोठ्याला लागते ती आग. भाकरी भाजते, हात पोळतो, भाजी करपते, कापूर जळतो. इंग्रजीचे या साऱ्यांत ‘फायर’ आणि ‘बर्न’ एवढ्यावर भागते, म्हणून आपणही दरिद्री व्हावे काय? आमच्याकडील हिंदी कागदपत्रांची तर आणखीच तऱ्हा. तेथे ठिणगी उडून जळालेल्या झोपडीलाही ‘आगजनी’ लिहितात. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ जाळपोळ! मदत मागणाऱ्याने मग उत्तर कशाचे द्यावे?

नॉर्वेजियन भाषेत उपयोगाचा विस्तव ‘इल्ड’ आणि घर जाळणारी आग ‘ब्रान’, असा भेद आजही आहे. ‘हीट वेव्ह’ला त्यांनीही लाटच म्हटले, हे खरे, पण त्यांच्या दारात समुद्र आहे. त्याच देशात इव्हार ऑसेन याने खेडोपाडी हिंडून लोकांच्या तोंडचे शब्द टिपले आणि १८५० साली त्यांचा कोश छापला.

१ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भ एका राज्यात आणि सौंसर-पांढुर्णा दुसऱ्या राज्यात. तेव्हापासून कचेरीची हिंदी एकीकडून आणि मुंबईची पुस्तकी मराठी दुसरीकडून आमच्यावर येते. घरातल्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडी धग, आच, फुफाटा हे शब्द अजून आहेत. आमच्या सभासदांनी ते वाक्यांसह उतरवून धाडावेत आणि या पत्रिकेने त्यांस दर अंकी दोन पाने द्यावीत. निखारा आणि इंगळ यांत नेमका भेद कोणता, यावर तर आमच्याच घरात एकमत नाही.