कर्णनाद

वडील मंडळी "कानांत रात्रभर रातकिडे किरकिरतात" म्हणूं लागली, कीं धाकटीं माणसें तो मनाचा खेळ समजून हंसण्यावारी नेतात. हें योग्य नव्हे. साठी उलटल्यापासून आमच्याहि कानीं हा नाद आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत २८ कर्णरोग गणले आहेत. त्यांत कर्णशूलामागोमाग 'प्रणाद' या नांवानें हाच येतो.

अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी वार्धक्यानें किंवा मोठ्या आवाजानें झिजल्या, कीं मेंदूस पोंचणारा संदेश तुटपुंजा होतो. ती उणीव भरून काढण्यासाठीं मेंदू आपली संवेदना वाढवितो व बाहेर कांहीं नसतांहि नाद ऐकूं येतो, असें शास्त्रज्ञ मानितात.

आमच्या नाशिकचा ढोल सर्वत्र गाजला आहे खरा. परंतु ८५ डेसिबलचा आवाज ८ तासांपलीकडे कानांस घातक, आणि पुढें दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलास अवघीं १५ मिनिटें! ढोलपथकांतील मुलांनीं फोमचे बोळे वापरावे; कापूस पुरत नाहीं.

नाद जडल्यास प्रथम डॉक्टरांकडून कानांतील मळ व श्रवणशक्ति तपासून घ्यावी. तो एकाच कानीं असेल, नाडीबरोबर ठोके देत असेल, वा ऐकणें एकाएकीं मंदावलें असेल, तर एक दिवसहि दवडूं नये. समूळ घालविणारें औषध अद्यापि सिद्ध झालेलें नाहीं. तथापि बहिरेपणा असल्यास श्रवणयंत्रानें पुष्कळांस आराम पडतो. निःशब्द खोलींत नाद अधिक छळतो. म्हणून निजतांना पंखा फिरूं द्यावा किंवा तंबोऱ्याचा मंद सूर लावावा. हळूहळू मेंदूस संवय होऊन त्रास ओसरतो. तोंवर घरच्यांनीं एवढें करावें, कीं वडिलांची तक्रार कानांआड करूं नये.