नापाकीचं निमित्त आणि पिलाची जागा

मुसलमानाच्या घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की तीन प्रकारची माणसं दारात येतात. पहिला म्हणतो, 'हराम आहे, आजच्या आज सोडून ये.' दुसरा जरा समजूतदार असतो. तो म्हणतो, 'पाळायचं तर पाळ, पण बाहेर बांध. घरात नापाकी नको.' तिसरा शिकलेला, शहरातून आलेला. 'पिंजरा आणलास? म्हणजे कैदच की,' असं म्हणून तो मान हलवतो. पहिल्याकडे अर्धी हदीस असते, दुसऱ्याकडे साखळी आणि तिसऱ्याकडे इंटरनेट. पिलाने रात्री झोपायचं कुठे, हा साधा प्रश्न मात्र तिघांपैकी कोणीच विचारत नाही. माझं भांडण तिघांशीही आहे, पण सगळ्यात जास्त दुसऱ्याशी. कारण पहिला निदान पिलाला हात लावत नाही, तिसरा फक्त बोलतो. दुसरा मात्र दीनचं नाव घेऊन एका मुक्या जिवाला आयुष्यभर दोन हातांच्या साखळीवर ठेवतो आणि आपण शरियत पाळली अशा समाधानात झोपतो.

आधी पहिल्याचं बघू. पैगंबर साहेबांची (स.) हदीस आहे की गुराढोरांसाठी, शिकारीसाठी किंवा शेतीसाठी सोडून जो कुत्रा पाळेल त्याच्या सवाबातून रोज कीरातभर कमी होईल, काही रिवायतींमध्ये दोन कीरात. आमच्याकडे या हदीसचा शेवट सगळ्यांना पाठ आहे आणि मधला 'सोडून' कोणाच्याच लक्षात नाही. कोकणात आंब्याची बाग असलेल्या, रात्री राखण करणाऱ्या, वानरांनी जेरीस आणलेल्या माणसाला ही सूट लागू होत नसेल तर मग कोणाला होते? घराच्या राखणीबद्दलही चर्चा झालेली आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलक पाळतो. त्याच मसलकाचे 13 व्या शतकातले मोठे विद्वान इमाम नववी घराच्या राखणीसाठी कुत्रा ठेवण्याचा मसला चर्चेला घेतात आणि परवानगीच्या बाजूचं मत अधिक योग्य ठरवतात. एवढंच नाही, पुढे अशा कामासाठी तयार करायचं म्हणून लहान पिल्लू पाळता येतं का, हाही प्रश्न त्यांनी घेतला आहे. उत्तर तेच : येतं. म्हणजे पिलाचा प्रश्न आज कोणा फॅशनवाल्याने काढलेला नाही. साडेसातशे वर्षांपूर्वी दमास्कसमध्ये बसून आमच्याच इमामांनी तो सोडवून ठेवला आहे.

नुसत्या हौसेसाठी पाळण्याबद्दल बहुतेक आलिमांचं मत कडक आहे, हे मी लपवत नाही. ते मत ज्याला पटतं त्याने पाळू नये. पण 'मी पाळत नाही' आणि 'तू पाळलंस म्हणून तू मुसलमान नाहीस' यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रहमतचे फरिश्ते घरात येत नाहीत, या हदीसबद्दलही तसंच. ज्या कुत्र्याला परवानगी आहे तो या हुकमातून वगळलेला आहे, असं काही विद्वान म्हणतात, काही तसं म्हणत नाहीत. जिथे जाणकारांमध्ये मतभेद आहेत तिथे नाक्यावरच्या माणसाने न्यायाधीश होऊ नये.

आता दुसरा, साखळीवाला. त्याचा सगळा युक्तिवाद 'नापाक' या एका शब्दावर उभा आहे, म्हणून तो शब्द नीट समजून घेतला पाहिजे. मालिकी मसलकात जिवंत कुत्रा पाक आहे. हनफी मसलकात, म्हणजे घाटावरच्या आणि मराठवाड्यातल्या बहुतेक मुसलमानांच्या मसलकात, त्याची लाळ नापाक आहे. पण कोरडं अंग कपड्याला लागलं तर कपडा नापाक होत नाही. शाफई आणि हंबली मसलकात नियम सर्वांत कडक : अख्खा कुत्रा नजिस. ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. पण याच कडक मसलकातसुद्धा दोन्ही बाजू कोरड्या असतील तर नापाकी लागत नाही. या चारही मसलकांत 'म्हणून त्याला उन्हात बांधा', 'म्हणून पावसात ठेवा' असं कुठे लिहिलंय? तहारतचे नियम माणसाने काय धुवायचं ते सांगतात. जनावराला शिक्षा काय द्यायची हे ते सांगत नाहीत. सात वेळा धुण्याचा कंटाळा आपल्याला, आणि त्याची किंमत पिलाने भरायची, हा कुठला इन्साफ?

आणि साखळीने नापाकी टळते तरी का? अंगणात बांधलेलं पिल्लू सुटलं की सरळ घरात धावतं, कारण आपलं म्हणून झोपायची जागा त्याला कोणी दाखवलेलीच नसते. ते मुसल्ल्यावर बसतं, चपला चावतं, वुजूच्या बादलीत तोंड घालतं. मग ओरडा, मग मार, मग साखळी आणखी आखूड. दुसरी गोष्ट जिवावरची आहे. आमच्याकडे आणि जुन्नरच्या बाजूला बिबट्या रात्री वस्तीत येतो तो मुख्यतः कुत्र्यासाठी. मोकळा कुत्रा पळू तरी शकतो. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. सकाळी तुटलेली साखळी उचलताना 'अल्लाहची मर्जी' म्हणणारे मी पाहिले आहेत. मर्जी अल्लाहची खरी, पण गाठ आपण मारली होती.

यावर माझं उत्तर सरळ आहे : पिलाला घरात, पण ठरलेल्या जागी, त्याचं घर द्या. कोकणात क्रेट म्हटलं की आंब्याचा प्लास्टिकचा क्रेट डोळ्यांपुढे येतो. मी म्हणतोय तो क्रेट म्हणजे दार असलेला, हवेशीर, पिलाच्या मापाचा पिंजरा, आत मऊ अंथरूण. यात शरियत आणि रहम दोन्ही सांभाळली जातात. नमाजची खोली वेगळी राहते, पिलाची लाळ कुठे लागते ते आपल्याला माहीत असतं, धुवायचं काय हे ठरलेलं असतं.

'पण जनावराला कोंडणं चालतं का?' असं विचारणाऱ्याने मांजरीची हदीस आठवावी. एका बाईला मांजरीमुळे अजाब झाला. तिने मांजर कोंडलं, खायला दिलं नाही, आणि स्वतःचं भक्ष्य शोधायला मोकळंही सोडलं नाही. आम्ही ही हदीस मुलांना गोष्ट म्हणून सांगतो आणि विसरतो. खरं तर तो कायदा आहे. कोंडणाऱ्यावर कोंडलेल्याचा हक तयार होतो : अन्न, पाणी, आणि वेळेवर सुटका. हे तीन दिले तर ते घर. नाही दिले तर पिंजरा सोन्याचा असला तरी त्या बाईच्या रांगेत आपला नंबर लागतो.

हा हक व्यवहारात कसा द्यायचा ते सांगतो, कारण नुसत्या उपदेशाने पिल्लू झोपत नाही.

माप आधी. पिल्लू डोकं न वाकवता उभं राहील, पूर्ण वळेल आणि पाय पसरून आडवं होईल, एवढी जागा हवी. त्याहून फार मोठी नको. पिल्लू शक्यतो आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही, हा त्याचा उपजत स्वभाव आहे. जागा अवाढव्य असेल तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात मुततं. म्हणून मोठेपणीच्या मापाचा घेऊन मध्ये फळी लावावी आणि पिल्लू वाढेल तशी ती सरकवावी. नापाकीची काळजी असलेल्यांनी तर हे खास लक्षात घ्यावं. बरोबर मापाचा पिंजरा पिलाला घर स्वच्छ ठेवायला शिकवतो. साखळी ते कधीच शिकवत नाही.

विकतचाच हवा असं नाही. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतो. जाळीच्या तारांची टोकं आत नकोत. फटी एवढ्या मोठ्या नकोत की जबडा किंवा पाय अडकेल. पिल्लू आत असताना गळ्यातला पट्टा काढून ठेवावा, तो अडकून फास बसू शकतो. खाली जुनी सुती चादर किंवा गोधडी, धुता येईल अशी. फोमची गादी चावून गिळणारी पिल्लं असतात, ती आतड्यात अडकते. वरून आणि तीन बाजूंनी कपडा टाकला तर त्याला गुहेसारखं सुरक्षित वाटतं, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात दोन बाजू उघड्याच ठेवाव्यात. पत्र्याखाली, थेट उन्हात किंवा चुलीजवळ पिंजरा ठेवायचा नाही. पावसाळ्यात जमिनीला ओल येते, तेव्हा खाली चार विटा किंवा लाकडी पाट घालावा. घाण झाली तर साफ करायला अमोनियाचं काही वापरू नये. त्याचा वास मुतासारखाच येतो, आणि पिल्लू पुन्हा तिथेच जातं.

आता सवय. पहिल्या दिवशी दार लावायचंच नाही. जेवण आत द्यायचं, खेळणं आत टाकायचं, ते आपणहून आत-बाहेर करू दे. मग ते जेवत असताना मिनिटभर दार लावायचं, मग पाच मिनिटं, मग आपण खोलीबाहेर जायचं. यात आठवडा जाईल, कधी दोन. पहिल्या काही रात्री पिंजरा माणसांच्या झोपण्याजवळ ठेवावा. कालपर्यंत ते आई आणि भावंडांच्या उबेत झोपत होतं, आज एकटं आहे, ते रडणारच. दोन महिन्यांच्या पिलाला रात्रीतून एकदा-दोनदा बाहेर न्यावंच लागतं. दिवसा ढोबळ हिशेब असा : जितक्या महिन्यांचं पिल्लू, त्यात एक मिळवा, फार तर तितके तास. आणि ही कमाल मर्यादा आहे, रोजचा रतीब नाही. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, म्हणून जागा हवी. उरलेल्या तासांत त्याला माणसं, माती आणि धावणं हवं. आणि शिक्षा म्हणून तिथे कधीच कोंडायचं नाही. ज्या घराला तुम्ही तुरुंग केलंत त्या घरात ते परत आनंदाने जाणार नाही.

इथे तिसऱ्या माणसालाही उत्तर मिळतं. त्याचं म्हणणं सगळं खोटं नाही. सकाळी नऊला कोंडून रात्री नऊला उघडणारी माणसं शहरात आहेत आणि त्याला ती 'ट्रेनिंग' म्हणतात. स्वीडनसारख्या देशात घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत ते उगाच नाहीत. पण दुरुपयोग होतो म्हणून वस्तूच वाईट ठरत नाही. दार उघडं असतानाही पिल्लू जिथे जाऊन झोपतं ते त्याचं घर. ही कसोटी कोणालाही घरी लावून बघता येईल.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात जनावर ठेवणं गुन्हा आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधणं गुन्हा आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हाही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. म्हणून कायद्याला कोणी भीत नाही. पण आम्ही तर म्हणतो ना की आमचा हिशेब पन्नास रुपयांत मिटणारा नाही?

माझ्या गैरमुस्लिम वाचकांसाठीही दोन शब्द. 'मुसलमान कुत्र्यांचा द्वेष करतात' हे तुम्ही ऐकलेलं असतं, आणि आमच्यातले काही जण ते खरं करायला हातभार लावतात. पण कुरआनात गुहेतल्या त्या झोपलेल्या तरुणांसोबत त्यांचा कुत्राही आहे, उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून. त्यांची संख्या मोजतानाही तो मोजलेला आहे. शिकवलेल्या जनावराने पकडलेली शिकार कुरआनाने हलाल ठरवली आहे. तहानेल्या कुत्र्याला आपल्या मोज्यात भरून पाणी पाजणाऱ्याचे गुनाह माफ झाले, अशी हदीस आहे. आणि दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये इब्न अल-मर्जुबान नावाच्या लेखकाने, कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्रे कसे श्रेष्ठ, यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हाही बहुधा दारात येऊन बोलणारी माणसं होतीच.

तेव्हा पिल्लू आणायचं की नाही हे ज्याने त्याने आपल्या मसलकाला आणि आपल्या ऐपतीला विचारून ठरवावं. आई तोडून दोन महिन्यांच्या आत आणू नये, लस चुकवू नये, रेबीजच्या लशीत तर अजिबात हयगय नको. पण एकदा उंबऱ्याच्या आत घेतलं की मग मसला 'कुत्रा पाक की नापाक' एवढाच राहत नाही. त्याच्यापुढे अन्न आहे का, पाणी आहे का, कोरडी जागा आहे का, दार वेळेवर उघडतं का, हे विचारलं जाईल. हात सात वेळा धुता येतात. ही जबाबदारी तशी धुऊन टाकता येत नाही.