चिठ्ठीवर उंचीही लिहा

घरात दम्याचं मूल असेल तर डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी काढून पाहा. नाव असेल, तारीख असेल, औषधं असतील. वजन लिहिलंय का? आणि उंची? उल्हासनगरजवळच्या विठ्ठलवाडी स्टेशनच्या दोन्ही अंगांना संध्याकाळी दवाखाने भरतात. तिथे वजनकाटा असतो, पण उंची मोजायची पट्टी क्वचितच दिसते. मूल स्थूलही असेल आणि दमेकरीही, तर नुसत्या वजनावर त्याचा डोस ठरवणं धोक्याचं आहे, आणि उंची मोजल्याशिवाय तो नीट ठरवताच येत नाही.

मुलांची बरीचशी औषधं ‘किलोमागे इतके मिलिग्रॅम’ अशी मोजतात. हा हिशेब बेताच्या अंगाच्या मुलांवरून बसवलेला आहे. आठ वर्षांचा मुलगा घ्या. उंची १२८ सेंटिमीटर, वजन ४५ किलो. त्या उंचीला साजेसं वजन पंचवीस-सव्वीस किलोच्या आसपास. वरच्या वजनात मोठा वाटा चरबीचा. त्या वजनाबरोबर यकृत आणि मूत्रपिंडं काही दुपटीने वाढत नाहीत, आणि औषधाचा निचरा तर त्यांनाच करायचा असतो. थिओफिलिन हे दम्याचं औषध चरबीत फारसं शिरत नाही, म्हणून त्याचा डोस उंचीला साजेशा वजनावर काढायचा असतो. या औषधात गुण येण्याची मात्रा आणि बाधण्याची मात्रा यांत अंतर थोडं असतं. जास्त झालं की उलट्या, धडधड, आणि फारच वाढलं तर झटके.

दम्याचा जोर वाढला की तोंडाने दिलं जाणारं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. आपल्या ४५ किलोच्या मुलाला दोनने गुणलं तर ९० मिलिग्रॅम होतात. पण सहा ते अकरा वर्षांच्या मुलासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४० आहे. गुणाकार करताना ही मर्यादा डोळ्यांसमोर नसेल तर दुपटीहून जास्त स्टेरॉइड पोटात जातं. त्यात सिरपचा घोळ वेगळा. हेच औषध पाच मिलीत ५ मिलिग्रॅम असंही मिळतं आणि पाच मिलीत १५ मिलिग्रॅम असंही. ‘एक चमचा सकाळी’ एवढंच लक्षात ठेवून आईने दुसरी बाटली आणली, तर डोस तिप्पट किंवा एक तृतीयांश होतो. बाटलीवरचा आकडा वाचूनच औषध पाजा, आणि घरातल्या चमच्याने नाही, बाटलीबरोबर येणाऱ्या मापाने पाजा.

मात्र जाड मुलाला सरसकट कमीच औषध द्यावं, असंही नाही. काही औषधं चरबीत भरपूर शिरतात. तिथे साजेशा वजनावरचा डोस अपुरा पडू शकतो. प्रत्येक औषधाचा हिशेब निराळा, आणि औषधांच्या चाचण्यांत स्थूल मुलं आजवर फार थोडी घेतली गेली. म्हणूनच डॉक्टरांसमोर दोन्ही आकडे हवेत. घरच्या घरी डोस कमी-जास्त करायला मात्र कोणीही जाऊ नये.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, आणि तो पुण्याच्या डॉक्टरांनी दाखवून दिला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपलं बाळ स्नायूंनी कमी, पण चरबी मात्र राखून होतं. पुण्याचेच डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेसाठी वाढीचे नवे तक्ते केले. त्यांत अतिवजन आणि स्थूलता यांच्या रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळवल्या आहेत. जगभर धरतात ते २५ आणि ३०. म्हणजे जे मूल आपल्याला ‘अंगाने जरा भरलेलं’ वाटतं, ते या तक्त्यावर स्थूल निघू शकतं. खात्यापित्या घरचं म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्याच्याही डोसचा विचार करावा लागतो.

पंपाची, म्हणजे इनहेलरची, गोष्ट वेगळी आहे. ओढायच्या स्टेरॉइडचा डोस वय आणि दम्याची तीव्रता पाहून ठरतो, किलोवर नाही. मूल जाड आहे म्हणून पंप जास्त वेळा मारायचा नसतो, आणि ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो बंद करून सिरपवर यायचं हे तर फारच वाईट. पंपातून औषध मायक्रोग्रॅममध्ये थेट श्वासनळ्यांत जातं; स्टेरॉइडचं सिरप सगळ्या अंगात फिरतं, भूक वाढवतं, वजन वाढवतं. वजन वाढलं की दमा आणखी अवघड. लहान मुलांना पंप स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावूनच द्यावा, आणि स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावावी.

स्थूल मुलाला जिना चढताना धाप लागते ती दर वेळी दम्याचीच असते असंही नाही. पोटाची-छातीची चरबी फुप्फुसं दाबते. साधारण सहा वर्षांवरच्या मुलाची फुंकर-चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करता येते. ती न करता औषध चढवत जाणं मला मान्य नाही. उलट्या बाजूने, कॅलिफोर्नियात दोन हजारांहून अधिक स्थूल नसलेल्या मुलांवर नजर ठेवून २०१७ मध्ये निष्कर्ष आला, की दमा असलेल्यांना पुढे स्थूल होण्याचा धोका ५१ टक्क्यांनी जास्त.

आपल्याकडे हे चक्र कसं फिरतं ते वालधुनी नदीच्या काठी राहणाऱ्यांना सांगायला नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून त्या पाण्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. अशा हवेत आईबाप दमेकरी मुलाला घरात ठेवतात, खेळ सुटतो, वजन चढतं. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. हवा सुधारण्याचं काम शासनाचं आहे.

पण उंचीची पट्टी आजच लागू शकते. डॉक्टरांना माझी विनंती आहे, की भिंतीवर ती लावा, आणि प्रत्येक मुलाच्या चिठ्ठीवर वय, वजन, उंची आणि औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये लिहा. आईबापांनो, चिठ्ठी हातात घेतल्यावर हे आकडे दिसले नाहीत तर तिथेच थांबून मागा.